बंदरावर सोडलेले सातूचे पीठ

या प्रवासाविषयी मी ज्यांना ज्यांना सांगितले, त्या सर्वांना एक गोष्ट खोटी सांगितली. जहाजावर चढताना आमची खाण्याची पिशवी तपासणीत काढून घेतली, असे मी म्हणत आलो. पिशवी कोणी काढून घेतली नव्हती. मुंबईच्या बंदरावर, तपासणीच्या रांगेत उभा असताना, ती मी स्वतः एका टेबलाखाली सरकवली आणि पुढे निघून गेलो. पत्नीलाही मी हेच खोटे सांगितले. आम्ही गेलो होतो होळीच्या आधी. दिवाळी होऊन गेली तरी ते माझ्याकडून निस्तरले गेले नव्हते. जे कधी जहाजाने गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. त्यांनी ही गोष्ट आधी जाणून मग पुढे वाचावे.

भोपाळ

माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, आमच्याकडे नेहरू नगरला राहतात. शाळकरी वयात ते वडिलांबरोबर नागपूरहून इकडे आले. राज्याची राजधानी भोपाळला आली, कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर कुटुंबे आली, त्यांतले हे एक. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या लेखी मोठे पाणी म्हणजे बडा तालाब. सासूबाई गेल्यापासून त्यांचे जेवण तुटत चालले होते. ऐकायलाही कमी येऊ लागले होते, त्यामुळे ते घरात असूनही कुठेतरी लांब बसल्यासारखे वाटत. एकदा टीव्हीवर जहाज पाहून ते म्हणाले, "समुद्र तेवढा राहिला बाप्पा पाहायचा." पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने ते ऐकले आणि तिघांचीही तिकिटे काढून टाकली: मुंबई, गोवा, कोची आणि परत मुंबई.

तिकिटाबरोबर नियम आले. घरी शिजवलेले अन्न आणता येणार नाही, असे त्यांत होते. सुलभाने, म्हणजे माझ्या पत्नीने, तेवढेच वाचले आणि ती काळजीत पडली. नाना त्या काळात दोनच गोष्टी नीट खात: मऊ भातावर मेतकूट, आणि दुधात गूळ घालून कालवलेले सातूचे पीठ. दोन्ही तिच्या आईच्या प्रमाणाने केलेले असावे लागे. दुसऱ्याच्या हातचे ते चाखून ठेवून देत.

मार्ग तिनेच काढला. अशोका गार्डनमध्ये तिच्या ओळखीचे एक नमकीनचे दुकान आहे. तिथे पाकिटे बंद करण्याचे यंत्र आहे. घरी भाजून, दळून केलेले सातू, मेतकूट आणि दाण्याची चटणी घेऊन ती तिथे गेली. मी स्कूटर घेऊन बाहेर उभा होतो.

"भाभीजी, ये तो सेव का पैकेट है। आप इसमें आटा भरवा रही हो?"

"आटा नहीं है भैया, सातू है। आप बस मुँह बंद कर दो।"

"किसका भाभीजी, पैकेट का कि मेरा?"

ती हसत बाहेर आली. घरी आल्यावर तिने ती चकचकीत, दुकानाचे नाव छापलेली पाकिटे दिवाणावर मांडली. "बघा, कंपनीचं वाटतंय की नाही?"

"वाटतंय," मी म्हणालो.

माझी सगळी नोकरी बाजारातल्या बंद पाकिटांवरची वजने आणि मजकूर तपासण्यात गेली आहे. पाकिटावर शेव लिहिलेले आणि आत पीठ, या प्रकारासाठी मी लोकांना समोर उभे करून प्रश्न विचारले आहेत. तेव्हाच सुलभाला सांगितले असते, की साध्या पारदर्शक पिशवीत भरून वर सातू असे लिहू, तर काही बिघडले नसते. पण तिला नाही म्हणायचा मला कंटाळा येतो. मी हो म्हणतो आणि पुढे मनासारखे करतो. लोकांना हा माझा मवाळपणा वाटतो.

मुंबई

रात्रभर गाडीत नानांना झोप लागली नव्हती. बंदराच्या दालनात पोचलो तेव्हा आम्ही तिघेही पेंगुळलेले होतो. विमानतळावर असतो तसाच थाट होता. चाकांच्या बॅगा, गॉगल, उन्हाळी टोप्या, अत्तरांचे वास. नानांसाठी चाकांची खुर्ची आली. ती ढकलणारा माणूस म्हणाला, वयस्करांना वेगळ्या वाटेने नेतात, सोबत एकाने यावे. सुलभा गेली. जाताना कापडी पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे जपून आणा हो. बाकी काही राहिलं तरी चालेल."

रांगेत माझ्या पुढे एक कुटुंब होते. त्यांच्या बॅगेतून विजेची किटली निघाली. तपासणाऱ्याने ती वर धरली, "ये किसका है?" असे मोठ्याने विचारले, तिला चिठ्ठी बांधली आणि बाजूला ठेवली. कुटुंबातले सगळे हसले. मला मात्र पुढचे दृश्य दिसू लागले: शेवेचे पाकीट वर धरलेले, फोडल्यावर त्यातून पिवळसर भुकटी सांडते आहे, आणि सगळी रांग माझ्याकडे बघते आहे.

मी स्वतःला सांगितले, की प्रश्न खोट्या मजकुराचा आहे. माझ्यासारख्या माणसाने असे पाकीट घेऊन जाणे बरोबर नाही. हे कारण दिसायला चांगले होते, म्हणून पुढे बरेच दिवस मी त्याला धरून राहिलो. खरे कारण तितके चांगले नाही. मला लाज वाटली. कचेरीतही मी घरचा डबा कधी चारचौघांत उघडला नाही. सगळे चहाला गेले की मी जेवत असे. आमच्या ग्वाल्हेरच्या घरात परक्यांसमोर घरचे खाणे काढणे कमीपणाचे मानत, असे मी म्हणू शकतो. पण ग्वाल्हेर सोडून मला पुष्कळ काळ लोटला आहे.

रांगेच्या कडेला एक टेबल होते. लोक पाण्याच्या बाटल्या, अर्धवट खाल्लेले खाकरे तिथे ठेवून पुढे जात होते. त्या टेबलाखाली मी पिशवी सरकवली. मला कोणी हटकले नाही. कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही.

पलीकडे सुलभा वाट पाहत होती. "पिशवी?"

"काढून घेतली त्यांनी."

तिचा चेहरा पडला. मग ती म्हणाली, "त्यानं सील नीट केलं नसणार. मी तिथंच दाबून बघायला हवं होतं."

समुद्रात

जहाज सुटले तेव्हा आम्ही वरच्या डेकवर होतो. मुंबई आधी उंच होती, मग बुटकी झाली आणि धुरकट रेघ होऊन संपली. नाना कठड्याजवळ खुर्चीत बसून एकटक पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "जावईबापू, याला दुसरा काठ कुठाय?"

"अरबस्तानात, नाना."

"काय?"

"अरबस्तानात!"

"लांब आहे," ते म्हणाले. "आपल्या तालाबाच्या पलीकडं दिवे तरी दिसतात."

जहाजाचे वर्णन करावे तर ते आडवे पाडलेले एक मोठे हॉटेल आहे. त्यात दुकाने आहेत, नाचगाण्याचे सभागृह आहे, आणि अन्न तर न संपणारे आहे. जेवणाच्या दालनात एका टोकाला पाव आणि केक, मध्ये पनीर, छोले, बिर्याणी, दुसऱ्या टोकाला फळांचे मोर आणि बदके. लोक ताटे रचून नेत होते आणि अर्धी टाकून पुन्हा रांगेत येत होते. आमच्याकडे पंगतीत वाढणारा आग्रह करतो आणि जेवणारा नको म्हणतो. इथे आग्रह करणारे कोणी नव्हते, तरी नको म्हणणारेही कोणी नव्हते.

फक्त नाना नको म्हणत होते. भात सुटा, लांब शिताचा, चावायला लागणारा. सुलभाने वाढप्याला विनंती केली. तो भला माणूस होता. आत जाऊन त्याने मऊ भात करवून आणला. त्यावर दही, मोहरी आणि हिरवी मिरची होती. नानांनी एक घास घेतला, "छान आहे" म्हणाले आणि चमचा ठेवला. मग केळे खाल्ले. दुसऱ्या दिवशीही केळे, आणि दुधात बुडवलेला पाव.

"दूध आहे, गूळ नसला तरी साखर आहे," सुलभा मला म्हणाली. "एक पाकीट तरी सुटलं असतं ना हो, तर सगळा प्रवास निघाला असता."

मी कॉफी ढवळत राहिलो.

त्या दिवशी दुपारी खोलीकडे जाताना नाना भिंतीचा आधार घेत खाली बसले. जहाज किंचित डोलत होते, त्यामुळे आधी वाटले तोल गेला असेल. डोळे मिटलेले होते आणि कपाळ गार होते. जहाजावरच्या डॉक्टरबाईंनी तपासले. विशेष काही नाही, म्हणाल्या. पोटात अन्न नाही, यांना जे आवडेल ते खायला घाला. सुलभा मान डोलवत होती, आणि ओढणीच्या टोकाने नानांचे कपाळ पुसत होती. मी दाराशी उभा होतो. तेव्हा बोलायला हवे होते. पण मला वाटले, पिशवी तर आता परत येणार नाही. मग बोलून तिला आणखी एक दुःख कशाला द्यावे? आपण किती समजूतदार विचार करतो आहोत, असेही त्या क्षणी मला वाटून गेले.

गोवा

मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागते. बाकीचे प्रवासी गाड्या करून किनाऱ्यांकडे आणि देवळांकडे गेले. आम्ही नानांना जहाजावरच ठेवून जवळच्या वास्को गावात गेलो. सुलभाला गोवा पाहायचाच नव्हता. ती प्रत्येक खानावळीत डोकावून विचारत होती, "मऊ भात मिळेल का?" बहुतेकांनी माशांचे ताट दाखवले. एका अरुंद खानावळीत गल्ल्यावरच्या बाईंनी विचारले, "कोणाक?"

"माझ्या वडिलांना. म्हातारे आहेत. जहाजावर काही खात नाहीत."

"आज्याक? मग पेज व्हर, घेऊन जा. उकड्या तांदळाची." आणि त्यांनी जाडसर, गुलाबी पेज एका स्टीलच्या डब्यात ओतून वर मीठ घातले. डबा परत द्यायचा, एवढेच बजावले.

जहाजाच्या शिडीपाशी पांढऱ्या गणवेशातल्या तरुणाने डबा उघडला. "मॅडम, शिजवलेलं वर नेता येत नाही."

"वडिलांसाठी आहे. पाच मिनिटं."

"मग त्यांना खाली आणा ना," तो म्हणाला. "धक्क्यावर काहीही खा. वर नाही."

नानांना खाली आणले. धक्क्यावर, जहाजाच्या उंच पांढऱ्या भिंतीच्या सावलीत, चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी पेज प्यायला सुरुवात केली. शिडीशी परतणाऱ्या लोकांची रांग होती. त्या तरुणाने लोकांना थोडे बाजूने वळवले आणि नानांकडे पाठ करून उभा राहिला. नाना फुंकर घालत, घोट घोट घेत होते. मध्येच म्हणाले, "सुले, तांदूळ चांगला आहे. कोणाचा?"

"इथल्याच बाईंचा, नाना."

"काय?"

"बाईंचा! इथल्या!"

"हात चांगला आहे," ते म्हणाले, आणि डबा तिरका करून तळाचे प्याले.

कितीतरी दिवसांत त्यांना असे संपवताना मी पाहिले नव्हते. सुलभाच्या डोळ्यांत पाणी आले. मग, डोळे पुसता पुसता, तिला शिडीशेजारचा फलक दिसला. त्यावर चित्रे होती. डबा आणि पातेले, लाल रेघेने खोडलेले. त्याखाली बिस्किटाचा पुडा आणि चिवड्याचे पाकीट, हिरव्या खुणेसह.

"हे चालतं?" तिने त्या तरुणाला विचारले.

"सीलबंद कोरडं असेल तर चालतं, मॅडम. आणि पथ्याचं असेल तर नुसतं सांगायचं."

"मग आमचं मुंबईला का घेतलं?"

"घेतलं असेल तर चिठ्ठी बांधून ठेवलं असेल. उतरताना परत मिळतं."

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत संशय नव्हता, आनंद होता. "ऐकलंत ना? परत मिळतं!"

मी डबा परत करून येतो म्हणालो आणि वास्कोच्या दिशेने चालू लागलो. डबा ती पुन्हा आतून विसळून देणार होती. मी तेवढेही थांबलो नाही.

पुन्हा मुंबई

कोचीविषयी लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. चिनी जाळी पाहिली, उकाडा होता, नानांनी इडली कुस्करून दुधात खाल्ली. मी सगळा वेळ उतरण्याच्या दिवसाचा विचार करत होतो.

त्या सकाळी दालनात एका लांब टेबलावर चिठ्ठ्या बांधलेल्या वस्तू मांडल्या होत्या. किटल्या, इस्त्र्या, बाटल्या. सुलभा रांगेत उभी राहिली. टेबलामागच्या मुलीने आमच्या खोलीचा क्रमांक शोधला, पुन्हा शोधला.

"मॅम, आपके केबिन का कुछ नहीं है।"

"कपड़े का थैला है। अंदर नमकीन के पैकेट। ठीक से देखिए ना।"

मुलगी टेबलाखाली वाकली, मागच्या खोलीत जाऊन आली. "सॉरी मॅम. नमकीन के पैकेट हम वैसे भी नहीं रोकते।"

मागे रांग खोळंबली होती. कोणीतरी च्च केले. सुलभाने वळून मला विचारले, "अहो, चिठ्ठी दिली होती का तुम्हाला?"

"नाही."

"हो ना, मला वाटलंच." ती मुलीकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "असू दे बेटा। किसी ने फेंक दिया होगा। तुम्हारी गलती थोड़े ही है।"

तिने त्या मुलीला क्षमा केली. मी बॅगा उचलल्या. प्रवासातला माझा सर्वांत वाईट क्षण कोणता, असे कोणी विचारले तर तो टेबलाखाली पिशवी सरकवण्याचा नाही. हा आहे.

नेहरू नगर

परतल्यावर नाना हळूहळू घरच्या अन्नावर सावरले. समुद्राची आठवण ते आवडीने सांगत, आणि पेजेची त्याहून जास्त. सुलभाने अशोका गार्डनच्या त्या दुकानात जाणे सोडले. दुकानदार एकदा वाटेत भेटला आणि म्हणाला, "भाभीजी नाराज हैं क्या?" मी म्हणालो, "नहीं, नहीं, तबीयत।" एक खोटे असे घरात आणि बाजारात माझ्याआधी पोचत होते.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शरयूताई आल्या. त्या सुलभाच्या महिला मंडळातल्या. घर इंदूरचे, बोलणे मोकळे. त्या आणि त्यांचे यजमान त्याच जहाजाने जाणार होते. यजमानांना मधुमेह आहे आणि वेळेवर खायला लागते. चहा झाला, चिवडा झाला. नाना आरामखुर्चीत पेपर घेऊन होते.

"मी तर बाई नाचणीचे लाडू, भाजलेले चणे, सगळं घेऊन जाणारे," शरयूताई म्हणाल्या. "बिस्किटांवर काय राहायचं माणसानं?"

"अजिबात नेऊ नका," सुलभा म्हणाली. "माझं ऐका. ते सांगतात चालतं म्हणून, पण दारात काढून घेतात आणि परतही देत नाहीत. आमची अख्खी पिशवी गेली. नानांना चक्कर आली होती तिथे."

"हाय राम. मग यांचं कसं होणार? नकोच जायला मग. कॅन्सल करू का?"

"बघा बाई. मी सांगायचं काम केलं."

तिने ते इतक्या काळजीने सांगितले, की मला बसवेना. माझे खोटे आता सल्ला झाले होते, आणि एक आजारी माणूस त्यावर आपला प्रवास ठरवणार होता. मी कप खाली ठेवला.

"नेता येतं," मी म्हणालो. "कोरडं, सीलबंद सगळं नेता येतं. पथ्याचं आहे म्हणून सांगा, कोणी अडवत नाही."

"अहो, पण आपली..." सुलभा म्हणाली.

"आपली कोणी घेतली नाही."

माझा आवाज मुळात बारीक. शरयूताईंनी चिवड्याची वाटी हातात तशीच धरली. सुलभा माझ्याकडे पाहत राहिली; आधी तिला कळले नाही, आणि मग कळले. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला आणि मान खाली घातली नाही, एवढेच मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

"मी ठेवून आलो होतो. तपासणीच्या आधीच, टेबलाखाली. सील नीट होतं. दुकानदाराची चूक नव्हती, त्या मुलीची नव्हती, तुझी तर नव्हतीच."

"का?" ती म्हणाली. एवढेच.

"लोकांसमोर ती उघडली गेली असती, त्याची मला लाज वाटली."

नानांनी पेपर खाली केला. आमचे चेहरे त्यांनी पाहिले असावेत. "काहून? काय झालं? काय म्हणतात जावईबापू?"

सुलभाने त्यांना काही सांगितले नाही. ती माझ्यासाठी बोलणार नव्हती, आणि ते योग्यच होते. मी उठून आरामखुर्चीपाशी गेलो, खाली वाकलो आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शेजारच्या घरातही ऐकू गेले असेल अशा आवाजात, बोललो.

"नाना, सुलभानं तुमच्यासाठी केलेलं सातूचं पीठ मी बंदरावर टाकून आलो! तुम्ही माझ्यामुळे उपाशी राहिलात! सुलभा, नाना, माझं चुकलं. मला क्षमा करा."